डावीकडचं वजन

नेपियर टाउन, जबलपूर
१० जानेवारी २०२५

प्रणोतीबेटा,

आशीर्वाद आणि तिळगूळ मागाहून. आधी ऐक, तुझ्या बाबाची गाडी माझ्या घरी पोचली.

तुमच्या दीक्षितपुऱ्याच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही, म्हणून माझ्या मंडपाच्या पोरांनी ती खांद्यावर घेऊन बाहेर आणली. खरंच सांगतो, पालखीसारखी. पाइपांचा सांगाडा, वर फायबरचं टरफल, पुढे जुन्या व्हॅनचं इंजिन. छत नाही, दारं नाहीत. बळीराम मिस्त्री माझ्या शेडचा कोबा घालून राहिला आहे, तो थापी हातात धरून म्हणतो, "भैयाजी, ये गाड़ी है कि चारपाई?" विष्णूने इतकी वर्षं सुटीचा प्रत्येक दिवस घालून बनवली, आणि हा तिला खाट म्हणतो.

फोन काहून नाही केला म्हणशील. बेटा, फोनवर माझे कान माणसाच्या आवाजात अडकतात. तू झोपलीस की नाही, रडलीस की नाही, सगळं ऐकू येतं आणि कामाचं राहून जातं. तुझे बाबा गेल्यापासून तुझ्या आवाजाला जो तडा गेला आहे तो मला ऐकवत नाही. कागदावर बरं.

मला गाडीतलं काही कळत नाही हे तुला माहीत आहे. मिसरूड फुटायच्या आधी खांबावर भोंगा बांधायला चढलो, तो अजून पुरता उतरलो नाही. साऊंड आणि मंडप, संपलं माझं शिक्षण. विष्णू फॅक्टरीच्या टूलरूमला गेला आणि मी लग्नांच्या मागे. पण तू म्हणालीस, काका, बाबांची गाडी दुसऱ्या कुणाला देववत नाही, तुम्हीच ठेवा. ठेवली.

ती सुरूच होईना. पेट्रोलचा कॉक बंद होता, दोष माझा. मग चालवायला बसलो तर पेडलं इतकी जवळ की माझ्या सँडलचा पंजा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हींवर एकदम पडतो. थांबायला जावं की उसळी मारते. तुझी विनीताकाकू ओट्यावरून ओरडली, "अहो, गाडी चालवून राहिले की म्हैस?" आता तिचे कॅनव्हासचे बूट घालून चालवतो. कुणाला सांगू नको.

आता कामाचं. डाव्या सीटवर दोन पिशव्या होत्या, पट्ट्याने घट्ट बांधलेल्या. हिरव्या साडीच्या कापडाच्या, हाताने शिवलेल्या, आत वाळू. काढून भिंतीशी ठेवल्या. त्या काढल्या आणि दोन भानगडी सुरू झाल्या. गाडी उजवीकडे झुकते आणि रस्त्यावर उजवीकडेच ओढते. दुसरं म्हणजे डावी सीट वाजते. पत्र्याची सीट आहे ना, वर नुसती पातळ गादी, इंजिन लयीला आलं की ती तानपुऱ्याची तार उतरल्यासारखी झणझणते. काकूला बसवलं की गप्प. वाजत्या थाळीवर तळहात ठेवावा, तशी. काकू उतरली की पुन्हा सुरू. चलो, म्हटलं, एवढ्या गाडीत एक गोष्ट तरी मला समजली!

पण झुकण्याचं काय करू? स्प्रिंगच्या बुडाशी आट्याची कडी दिसते, ती फिरवू का? आणि तिलवाऱ्याच्या मेळ्याचं भोंग्यांचं काम डोक्यावर आहे, तेव्हा लवकर लिही.

तुझा,
भय्याकाका


नाशिक
२२ जानेवारी २०२५

भय्याकाका,

म्हैस वाचून ऑफिसात एकटीच हसले. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा असेल.

कडी फिरवू नका! मी फ्रॉकमध्ये असल्यापासून त्या गाडीखाली पाने देत बसले आहे, तेव्हा माझं ऐका. प्रत्येक नटावरून एक लाल रेघ बोल्टवर गेलेली दिसेल. ते आईचं नेलपॉलिश. नट जरा हलला की रेघ तुटते आणि दिसतं. दर रविवारी आडवं होऊन सगळ्या रेघा बघायच्या. एवढ्या हलक्या गाडीत नट सैल होतच राहतात, त्यात घाबरायचं काही नाही. ब्रेकचं तेल भरताना बॉडीवर थेंब सांडू देऊ नका, रंग सोलून येतो. आणि काकूचे बूट उत्तम. बाबाही पातळ बूटच घालायचे.

झुकण्याचं असं आहे. जड गाडीला माणूस बसल्याचं कळतसुद्धा नाही, हिला कळतं. म्हणून स्प्रिंगा बसवताना, ज्याने बसायचं त्याचं वजन सीटवर ठेवून चारी कोपरे सारखे करतात. बाबा उजवीकडे स्वतः बसले. डावीकडे आई बसायची होती, पण तोवर ती गेली होती. म्हणून तिच्या वजनाची वाळू. पिशव्या त्यांनीच शिवल्या, तिच्या साडीच्या. गाडी दोघांची आहे, काका. एकटं बसलं की ती वाकडी चालणारच. ती बिघडलेली नाही.

बाबांनी आईला कबूल केलं होतं, गाडी झाली की पहिली फेरी तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत. नर्मदेला हात जोडायचे आणि परत. आईला त्या परतीचंच फार होतं. "न्याल हो, परत आणाल ना?" असं छेडायची. तुम्हाला आठवत असेल, घरातून कुणी "जातो" म्हणून निघालं तर दारात अडवून "येतो" म्हणायला लावायची. आतेभाऊ अंकुर एकदा चिडून "जातोच!" म्हणाला, तर त्याची चप्पलच लपवून ठेवली होती.

एक विनंती आहे. पिशव्या सीटवर परत बांधा. गाडी सरळ चालेल, सीटही वाजणार नाही. कोरड्या ठेवा आणि कृपा करून उसवू नका. मार्चअखेर मी येते आहे, मला त्या तशाच हव्या आहेत.

काकूला नमस्कार.
प्रणोती


नेपियर टाउन
९ फेब्रुवारी २०२५

प्रणोतीबेटा,

रेघा पाहिल्या. मागच्या चाकापाशी एक तुटली होती, नट आवळून घेतला. नेलपॉलिशची बाटली गाडीतच सापडली, पण वाळून गेली होती. काकूची मागितली तर म्हणे, "साठीत रंग लावून राहिले!" रेघ मात्र तिनेच मारली, माझ्यापेक्षा सरळ.

ब्रेकचं तेल सांडलं. तुझं पत्र यायच्या आधीच सांडलं होतं. बॉनेटवर हाताएवढं भोपाळचं तळं झालं आहे. त्यावर हसून घे.

पिशव्यांचं म्हणशील तर काळजी करू नको, सगळं इथेच आहे.

आता ऐक, स्प्रिंगा बसल्या की काय ते सांग. परवा सकाळी नाश्ता करून निघालो. एकटाच. डावी सीट रिकामी. नागपूर रस्त्याने मेडिकल कॉलेज ओलांडलं, रस्ता मोकळा होता, म्हणून हात सैल सोडला. गाडी उजवीकडे गेली नाही. सूत लावल्यासारखी सरळ. म्हटलं, वा भय्यासाहेब, हात बसला! मग लक्षात आलं की काहीतरी कमी आहे. लग्नात शंभर माणसं बोलत असतात, आणि एक पंखा बंद झाला तर मला कळतं, तसं झालं. सीट वाजत नव्हती. इंजिन लयीत, वेग तोच, आणि डावीकडे चूप.

डावीकडे पाहिलं. रिकामी. सीटवर हात ठेवला. ऊन चांगलं चढलं होतं, स्टिअरिंग चटके देत होतं, माझ्या मांडीखालचं रेक्झिन तापलेलं. ती गादी मात्र गार. कुणाची सावली पडलेली असावी तशी गार.

पुलाच्या अलीकडे गाडी बंद पडली. कॉक पाहिला, चालू. तारा पाहिल्या, घट्ट. माझ्याकडून काही होईना, म्हणून ढकलून घराकडे तोंड केलं, तर एका दमात सुरू. येतानाही सरळ आली आणि गप्प आली.

गाडी बरेच दिवस उभी राहिली की स्प्रिंगा पुन्हा बसायला वेळ घेतात, असं विक्की मेकॅनिक म्हणतो. तसंच असेल. असेल ना?

भय्याकाका


नाशिक
१८ फेब्रुवारी २०२५

काका,

"इथेच" म्हणजे कुठे?

तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. बाबा सांगायचे, भय्याला काही लपवायचं असलं की तो वाक्य आखूड करतो. तुमच्या पत्रात तळ्याला चार ओळी आहेत आणि पिशव्यांना एक.

मीही तुमच्याशी पूर्ण बोलले नाही. आता बोलते. त्या पिशव्यांत नुसती वाळू नाही.

आईच्या अस्थी ग्वारीघाटला सोडल्या तेव्हा तुम्ही बाबांच्या मागे उभे होतात. कलश त्यांच्याच हातात होता. त्यांनी अर्ध्या सोडल्या. उरलेल्या घरी आणल्या आणि त्या वाळूत मिसळल्या. तिला गाडीतून नेऊन आणायचा शब्द दिला होता, तो पुरा झाल्यावर सोडीन म्हणाले. गाडी झाली. दर रविवारी तिला पट्टा लावून तिलवाऱ्यापर्यंत न्यायचे, आणि पुलाच्या अलीकडून परत फिरायचे. हात धजत नसे. इंजिन बंद करून बसायचे, मग घराकडे वळायचे. दोन वर्षं हेच.

शेवटच्या आजारात मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "तू सोड. माझ्याच्याने नाही झालं." मी हो म्हटलं आणि नाशिकला निघून आले. माझ्याच्यानेही होत नव्हतं. गाडी तुम्हाला दिली ती म्हणून. तुमच्याकडे आई नीट राहील, मी येईपर्यंत कुणी हात लावणार नाही, एवढाच विचार केला.

ती अर्धी नदीत आहे आणि अर्धी वाळूत, काका. असं कुणाला ठेवतात का? मला या वर्षी तिला सोडायचं आहे. तेवढं झालं की मी नीट झोपेन असं वाटतं.

पिशव्या कुठे आहेत ते लिहा. गाडी सरळ का चालते याचा विचार मी करत नाही आहे. तुम्हीही करू नका.

प्रणोती


नेपियर टाउन
१ मार्च २०२५

बेटा,

वाक्य आखूड करत नाही. वाळू कोब्यात गेली.

बळीरामचा माल कमी पडला आणि वाळूचा ट्रक आला नाही. ओला कोबा अर्धा सोडला तर सांधा दिसतो. मी आजूबाजूला पाहिलं, भिंतीशी पिशव्या दिसल्या. मीच उसवल्या. बळीराम मुठीत घेऊन म्हणाला, "एक नंबर माल है भैयाजी, नर्मदाजी की है।" तुझं "उसवू नका" दोन दिवसांनी पोस्टमनने हातात दिलं. आयुष्यभर अक्कल विकून खाल्ली मी, आणि नंदावहिनीला फरशीत घातलं.

आणखी सांगायचं आहे, ते बसून वाच.

गाडी त्याच शेडमध्ये उभी असते. इकडे रोज सकाळी फाटक उघडलं की ती डावीकडे झुकलेली दिसते. उजवीकडे नाही, डावीकडे. कुणी नाही, काही नाही, नुसती उभी गाडी. मला वाटलं कोबा उतरता झाला. बळीरामला पाणसळ घेऊन बोलावलं. कोबा सपाट. तो गाडीकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "कोई बैठा हो, ऐसी लग रही है।" आणि मजुरी न मागता निघून गेला.

काल गाडी बाहेर काढून मी गुडघ्यांवर बसलो आणि बोटाच्या पेराने सगळा कोबा ठोकून पाहिला. हे माझं काम आहे, ह्यात मी चुकत नाही. सगळीकडे टणक बोलतो. डाव्या सीटच्या बरोबर खाली आला की बोलत नाही. पोकळ असता तर घुमला असता. तो आवाज पिऊन टाकतो. रिकामा हॉल आणि माणसं बसलेला हॉल यांत जो फरक असतो तो मी डोळे मिटून सांगतो, प्रणोती. तिथे माणूस बसलेल्या जागेचा आवाज आहे.

काकूला सांगितलं. मला वाटलं घाबरेल. ती आत गेली, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली आणि त्या जागेवर वाहून मोकळी झाली. काहून म्हणून विचारलं तर म्हणते, "नंदा सवाष्ण गेली. घरी आली आहे तर तशीच बसवून ठेवायची का?"

पहार आणून ठेवली आहे. पण माझा हात धजत नाही. विष्णूला हसायचो मी, कोणत्याही गोष्टीला दहादा मोजतो म्हणून. आता कळून राहिलं.

तू ये.

भय्याकाका


नाशिक
८ मार्च २०२५

काका,

तुमच्यावर रागावले होते, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी वाटलं की ती कोब्यात असताना तिच्यावर हळदकुंकू पडलं. माझ्या घरात ते सुद्धा झालं नसतं.

बावीस तारखेला सकाळी पोचते. मी येईपर्यंत पहार लावू नका. काकूला सांगा, पिशव्यांचं कापड धुऊ नका, तसंच शिवायला घ्या.

गाडीला सीटा दोनच. डावी आईची आहे, उजवीकडे मी बसेन. तुम्ही मागून टेम्पो घेऊन या. मला कुणीतरी मागे असलेलं हवं आहे, कारण मला मागे बघायचं नाही.

सगळ्या रेघा बघून ठेवा. ब्रेक दाबून बघा, पेडल मऊ लागलं तर तेलात हवा आहे, विक्कीकडून काढून घ्या. परत यायचं आहे.

प्रणोती


नेपियर टाउन
२७ मार्च २०२५

प्रणोतीबेटा,

तू गेल्यापासून चार वेळा कागद घेतला. आज लिहून काढतो.

तू समोर होतीस तेव्हा तुझ्याकडेच लक्ष होतं, म्हणून त्या कोब्याचं नीट बोललो नाही. पहार लागलीच नाही ना. तू बोटं घातलीस आणि वाळू हाताला आली, कोरडी, मोकळी, जशी मी ओतली होती तशी. भोवतालचं सिमेंट दगड झालेलं, आणि मधे वाटीएवढी, नाही, परातीएवढी जागा, जिथे त्याने धरलंच नाही. मी किती शेड बांधल्या! पाणी, सिमेंट, वाळू एकत्र कालवल्यावर वाळू आपली वेगळी होऊन बसलेली पाहिली नाही. काकूने टाके घातले. तू पट्टा लावलास आणि तो दोनदा ओढून पाहिलास, तुझे बाबा ओढायचे तसा.

मी टेम्पोत मागे होतो. तुझी गाडी सूत लावल्यासारखी सरळ चालली होती. बरोबरच होतं. डावीकडे ती होती. पुलाच्या अलीकडे मला धाकधूक, आता बंद पडते. नाही पडली. तुझ्या हातात चालली ती.

घाटावर मी वरच्या पायरीवर थांबलो. तू पाण्यात बसून पिशव्या उसवल्यास. किती वेळ लावलास ते मी मोजलं नाही. मग उठलीस, पदर पिळलास आणि मागे न बघता पायऱ्या चढायला लागलीस. अगदी रीतीने.

पण चढताना तू एक बोललीस. हळू. कदाचित तुला स्वतःलाही कळलं नसेल. माझे कान आहेत, मी काय करू? तू म्हणालीस, "येते गं आई."

बेटा, तिथून उठताना असं म्हणत नाहीत. दुसऱ्या कुठल्याही दारातून निघताना "येते" म्हणायचं, एवढ्या एका दारातून मुकाट्याने निघायचं असतं. तुझी चूक नाही. जिने जन्मभर तुला दारात अडवून ते म्हणायला शिकवलं, तिच्याच पायाशी तुझ्या तोंडून ते निघालं. आणखी काय निघणार होतं? मी वरच्या पायरीवर उभा होतो, हाक मारून तुला अडवू शकलो असतो. अडवून तरी काय सांगणार, परत घे म्हणून?

परतताना तू एकटी पुढे. घरी फाटकाशी उतरलीस तेव्हा मी विचारलं, "सीट वाजली का गं?" तू म्हणालीस, "वाजली काका! सारा रस्ता वाजली." हसलीस, रडलीस, काकूच्या गळ्यात पडलीस. मी मान डोलावली.

टेम्पोच्या काचा खाली होत्या, प्रणोती. तुझ्या मागे मी हाकेच्या अंतरावर होतो. ती सीट नाक्यावरून ऐकू येते मला. ती वाजली नाही. तुझी गाडी जाताना जशी सरळ होती, येतानाही तशीच होती. तू मला बरं वाटावं म्हणून बोललीस, आणि मी तुला बरं वाटावं म्हणून गप्प बसलो. दोघंही विष्णूच्या घरचे.

संध्याकाळच्या गाडीला तुला स्टेशनवर मी त्याच गाडीतून सोडलं. तू डावीकडे बसलीस, बॅग मांडीवर. ठीक. तुला सोडलं, स्टेशनच्या फाटकातून बाहेर निघालो, आणि डावी सीट झणझणायला लागली. गाडी उजवीकडे ओढायला लागली. नेपियर टाउनपर्यंत मी तिला दोन्ही हातांनी धरून आणली.

त्यानंतर रोज चालवली. रोज वाजते. शेडमध्ये उजवी-डावी सारखी उभी राहते. बळीरामने खड्डा भरला, दोन दिवसांत दगड झाला. ठोकून पाहिला, टणटण बोलतो. इथला हॉल रिकामा झाला, बेटा.

विष्णूने शब्द दिला होता तो नुसता तिलवाऱ्यापर्यंतचा नव्हता, परतीचाही होता. नेलंस तू. बोलावलंसही तूच. मी भीती घालून नाही राहिलो. तू झोपतेस ना, एवढंच लिही. आणि तिकडे काही ऐकू आलं तर मला लपवू नको, माझ्यापासून लपत नाही.

काकूने नवी नेलपॉलिश घेतली आहे. म्हणते, गाडीसाठी.

भय्याकाका


नाशिक
९ एप्रिल २०२५

भय्याकाका,

झोपते. आधी ते लिहिते. वर्षभरात झोपले नाही इतकी झोपते.

सीट वाजली नाही हे खरं. परतीच्या वाटेवर मी डावीकडे एकदाही पाहिलं नाही. मागे बघायचं नसतं एवढं ठाऊक होतं. शेजारी बघायचं की नाही हे कुणी सांगितलं नव्हतं. "येते" म्हटल्याचं मला आठवत नाही. पण तुम्ही ऐकलं म्हणजे म्हटलं असेन.

माझी गाडी तुम्ही पाहिलेली नाही. शोरूममधून तयार घेतलेली, काचा लावल्या की रस्तासुद्धा ऐकू येत नाही. तिच्यात तुमच्या कानांना काम नाही. एकच आवाज आहे. शेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की टुंग टुंग वाजत राहते. पर्स ठेवली तर वाजत नाही. डबा ठेवला तरी नाही. माणसाचं वजन लागतं.

जबलपूरहून आल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघाले आणि ती वाजायला लागली. मी सर्व्हिसिंगला नेली. बाबांची मुलगी आहे, आधी नट बघणार. त्यांनी तपासली, सगळं ठीक निघालं. माझ्या समाधानासाठी सीटखालचा सेन्सर बदलून दिला. नवा सेन्सर तिथल्या फाटकापासूनच वाजायला लागला. माझी मैत्रीण राजश्री बसते तेव्हा पट्टा लावते आणि गाडी गप्प असते, म्हणून तिला काही सांगितलं नाही.

मग तुमचं पत्र आलं.

आज सकाळी गंगापूर रोडला सिग्नलवर उभी होते. लख्ख ऊन, पुढे-मागे गाड्या, शाळेची बस. ती टुंग टुंग करत होती, नेहमीसारखी. मी समोरच बघत राहिले. डावा हात लांब केला, शेजारच्या सीटचा पट्टा ओढला, तसाच न बघता आणून खाचेत घातला, आणि बाबा ओढायचे तसा दोनदा ओढून पाहिला.

आवाज थांबला.

तुम्ही लपवू नको म्हणालात, म्हणून एवढंच आणखी लिहिते. पट्टा मी हाताने ओढला आहे, काका. रिकाम्या सीटला एवढा पट्टा लागत नाही.

प्रणोती